वळेसर कोणी माळायची

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे मालिका बघितली. दुसरं काही मोठं नाही.

देवाकडे दिवा लावला की आमच्याकडे टीव्ही लागायचा. मी खुर्चीत, बायको खाली भिंतीला टेकून. पुढ्यात फणसाच्या भाजलेल्या आठळ्या. ती सोलायची, मी खायचो. त्या दिवशी मालिकेत लग्न होतं. नवऱ्या मुलाची आई विधवा, तिला हळद लावायला देत नव्हते. एक खाष्ट आत्या वाट अडवून उभी, आणि नवी सून सगळ्यांपुढे भाषण करत होती. सोमवारपासून तेच चाललं होतं.

"मेली हळद वाटीत सुकली, हिचा भाषण काय संपणा नाय," बायको म्हणाली.

"गप रव. माका ऐकूक दी."

"तुमी काय ऐकतास? तुमचा ता सगळा पाठ आसा."

हे खरं होतं. आमच्या पेडण्यात देवळाच्या जत्रेला गावची माणसं नाटक करतात. एक वर्ष पौराणिक, एक वर्ष सामाजिक. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पण पाठांतर चांगलं. मास्तर वाक्यं वाचून दाखवायचे, मी शेतात काम करता करता घोकायचो. सामाजिक नाटकातला सासरा ठरलेला माझा. तिसऱ्या अंकात विधवा सुनेच्या हातात मी कुंकवाचा करंडा द्यायचो आणि पानभर बोलायचो. मांडवात बायका पदर तोंडाला लावून रडायच्या. पुरुषसुद्धा नाक ओढायचे. दुसऱ्या दिवशी त्याच बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला जमायच्या, आणि माझी धाकटी भावजय स्वयंपाकघरात चहाची कपबशी विसळत असायची.

तिच्याबद्दल सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ डिचोलीकडे खाणीवरचा ट्रक चालवायचा. एका उतारावर ट्रक कलंडला आणि तो गेला. ही तेव्हा अगदी पोरसवदा. मूलबाळ नाही. आमच्याच घराच्या मागल्या दोन खोल्यांत राहिली. परड्यात अबोली तिने लावली. रोज सकाळी फुलं काढायची आणि केळीच्या दोऱ्यात वळेसर वळायची. गजऱ्याला आमच्याकडे वळेसर म्हणतात. एक देवाला, एक माझ्या बायकोला. स्वतः कधी माळली नाही.

पुढे बायकोचा उजवा खांदा आखडला. हात डोक्यावर जाईना. तेव्हापासून तिचे केस भावजयच विंचरायची. मागल्या दाराच्या पायरीवर बायको खाली बसायची, भावजय वरच्या पायरीवर. खोबरेल लावायची, वेणी घालायची, वळेसर माळायची. शेवटी वेणीला हलका हिसका देऊन म्हणायची, "झालां गे वयनी, ऊठ आता." मी आत चहा पिताना रोज हे ऐकायचो. ते ऐकलं की मीही कामाला उठायचो.

माझ्याशी मात्र ती कधी बोलली नाही. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने तोंडावर बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी दोन हातांवर उभा असलो तरी म्हणायची, "वयनी, चाय निवता म्हणून सांग." मग बायको माझ्याकडे वळून, "ऐकलास मा? भिंत सांगता, चाय निवता." दोघी हसायच्या.

तर त्या संध्याकाळी मालिकेतल्या सुनेने शेवटी सासूच्या हाताला हळद लावली. बाजा वाजला. तिघींचे चेहरे आळीपाळीने दाखवले. बायको म्हणाली, "आता बघा, जाहिरात लागतली." लागली.

मग आठळीचं साल काढता काढताच ती म्हणाली, "मी मेलंय तर माझे केस तिनाच विंचरूक होये. वळेसर तिनाच माळूची. माका दुसऱ्याचो हात चलाचो नाय."

"हे काय आता?"

"तुमका सांगून ठेवतंय. त्या वेळार ती पुढे येवची नाय. तुमका बोलूक लागतला."

"बरा."

"नाटकात बोलतास तसा नको. थंय करंडो पत्र्याचो."

मी हसलो. तिने सोललेली आठळी माझ्या हातावर ठेवली. जाहिराती संपल्या, पण तो भाग तिथेच संपला होता.

सकाळी पोदेराचा भोंपू वाजला. सायकलवरचा पाववाला. त्याच्या आधीच ती दारात असायची, उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला. भोंपू दाराशी वाजला, परत वाजला, पुढे गेला. मी हाक मारली. मग आत जाऊन हात लावला. हात थंड होता. झोपेतच गेली होती.

मी मागल्या दाराशी जाऊन खांब वाजवला. भावजय धावत आली. तिनेच डोळे मिटले, हात सरळ केले, चादर नीट केली. मी फोंड्याला मुलाला फोन केला. तो येईपर्यंत वाडीतली माणसं जमली.

सवाष्ण गेली की आमच्याकडे तिला नवरीसारखी सजवतात, आणि ते काम सवाष्णींचं. न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. "भाग्यवान गो, कुंकवासकट गेली," असं दोघीतिघी म्हणाल्या. माझ्यासमोर. म्हणजे मी मागे राहिलो हे तिचं भाग्य. माझं काय, ते कोणी विचारलं नाही.

एकेक बाई आत येत गेली तशी भावजय मागे सरकत गेली. आधी उशाशी होती, मग भिंतीशी, मग मागल्या दाराबाहेर खांबाला धरून. कोणी तिला हाकललं नाही, हे सांगायलाच हवं. मालिकेत त्यासाठी एक खाष्ट आत्या लागते. नाटकातही लागायची. आमच्याकडे लागत नाही. जिची ती मागे जाते, आणि बाकीच्यांना ते दिसत पण नाही.

शेजारच्या काकीने फणी हातात घेतली. मी पुरुषांतून उठलो आणि आत बायकांत गेलो.

"काकी, फणी ठेव. केस ती विंचरतली." मी मागल्या दाराकडे बोट केलं.

"अरे बाबा, तुका सुचणा नाय आता. भायर बस जा. तिच्या हातान कसा करूचा? ती..." पुढचं तिने गिळलं.

"ती काय? तिचो घोव मेलो. माझी बायल मेली. मी हयसर मधोमध उभो आसय. माका कोणी सांगूक नाय मागे सर म्हणून."

पानभर बोलायची सवय असलेला मी, मला एवढंच आलं. कोणी रडलं नाही. काकीने फणी पाटावर ठेवली.

मी मागल्या दाराशी गेलो. आता आमच्या मधे निरोप सांगायला कोणी नव्हतं. "ये गो," मी सरळ म्हटलं. तिने मान हलवली, नको म्हणून. खांब सोडीना.

"तिना काल माका सांगल्यान. तुझ्याच हातान होये म्हणून."

तरी ती हलली नाही. मग मी परड्यात उतरलो आणि स्वतःच अबोली काढू लागलो. जन्मात कधी काढली नव्हती. ओंजळभर काढून तिच्यापुढे धरली. तिने फुलांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"देठ तोडलास," ती म्हणाली. "ही फुलां वळूक येवची नाय."

माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. पदर खोचून ती उतरली, तिने दुसरी फुलं काढली, पायरीवर बसून वळेसर वळली. मी तिथेच उभा राहिलो. पुढल्या दारी माणसं खोळंबली होती. खोळंबू दे म्हटलं.

ती आत आली तेव्हा काकी थोडी सरकली. कुंकू बाकीच्यांनी लावलं, ओटी बाकीच्यांनी भरली. त्यावर मी बोललो नाही. बायकोने मागितलं होतं ते एवढंच. भावजयीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, खोबरेल लावलं, गुंता बोटांनी सोडवला, वेणी घातली. वळेसर माळली. मग वेणीला हलका हिसका दिला.

"झालां गे वयनी, ऊठ आता," ती म्हणाली.

सवयीने तोंडातून गेलं. तिने आपला हात तोंडावर दाबला. काकीने तिला जवळ ओढलं आणि मग सगळ्याच रडल्या.

मी पुढल्या दारी आलो. मुलगा पोचला होता. खांदेकरी उभे होते. मी म्हटलं, "घ्या आता."