पट्टा धरणारा माणूस

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हते. म्हटलं, उगाच मामाची लाज निघेल. पण मामाच म्हणाला, "लिही गं बिनधास्त, निघाली तर निघाली. मी कुठे असतो लोकांची तोंडं बघायला!"

मामा जहाजावर फिटर आहे, इंजिनरूममध्ये. म्हणजे राहायचं समुद्रावर आणि समुद्र दिसायचा नाही, असली नोकरी. महिनोन् महिने तेल, धूर आणि कानात घरघर. बंदर लागलं आणि किनाऱ्यावर जायची सुट्टी मिळाली की बाकीचे बाजारात पळतात. या वेळी मामाला मात्र जायचं होतं पैलवानाकडे.

पैलवान नुसता नावाचा, अंगाने नुसती काडी. फुंकर मारली तर उडेल. दोघं कित्येक वर्षं एकाच केबिनमध्ये होते. जहाज नांगरावर असलं की मागच्या कठड्यावरून गळ टाकायचे. त्यांची एक रीत ठरलेली. एकाने कठड्यावरून वाकून दोर ओढायचा, दुसऱ्याने मागून त्याचा कमरेचा पट्टा घट्ट धरायचा. वाकणारा कायम पैलवान, धरणारा कायम मामा. "तू वाऱ्याने उडालास तर कॅप्टनला काय तोंड दाखवू?"

मग पैलवानाचं लग्न झालं, त्याने जहाज सोडलं आणि या बंदरात पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून भेट नाही. आता मिळाली होती एक दुपार. संध्याकाळच्या लाँचने मामाला परत जहाज गाठायचं होतं.

बंदराच्या गेटबाहेर पैलवान स्कूटरवर हजर.

"काय रे, अजून जिवंत?"

"तुला पोचवल्याशिवाय मी कसला मरतोय!"

स्कूटर सुटली आणि लगेच पैलवानाचा फोन वाजला. त्याची बायको. आवाज मागे मामापर्यंत स्पष्ट. "येताना दूध आणा. आणि डोकं पण आणा कुठूनतरी, सकाळी गॅस चालू ठेवून गेलात!"

"हो गं, हो," पैलवान म्हणाला आणि मागे वळून वैतागला, "बघ, हे असं असतं रोज."

मामा तिथेच पहिल्यांदा जळला. त्याला घरून फोन येतो तो तुटक-तुटक, दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो. त्याला कोणी दूध आण म्हणत नाही. समुद्रात कुठलं दूध?

पण खरी मिरची पुढेच लागायची होती. पैलवानाने दगडी बांधाजवळ स्कूटर लावली आणि गळाचा रॉड काढला. एकच. नवा, चकाचक.

"शिंप्याने निवडून दिला. ही जागाही त्यानेच दाखवली."

"कोण शिंपी?"

"दुकानाशेजारचा रे. दर रविवारी आम्ही दोघं इथेच. काय माणूस आहे!"

"हो का? छान, छान," मामा म्हणाला. आतून नुसता जळत होता. याला गळ टाकायला शिकवलं कोणी? पहिल्या दिवशी स्वतःच्याच अंगठ्यात गळ रुतवून बसला होता, तो उपटला कोणी? आणि आता काय तर म्हणे शिंपी!

भरती चढत होती. दोघं दगडांवर बसले. रॉडला फिरकी होती, गरगर फिरवली की दोर आपला आपण आत. मागे माणूस लागतच नव्हता. मामाने हात कुठे ठेवायचे? त्याने आमिषाच्या डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. पैलवान सांगत होता, शिंपी असा फेकतो, शिंपी तसा खेचतो. मामा उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात रॉड कमानीसारखा वाकला. "आला! मोठा आहे रे, आला!" पैलवान ताडकन उठला आणि पाण्यावर वाकला. मामाचा हात गेला थेट पट्ट्यावर, आणि असा काही हिसका बसला की पैलवान धपकन दगडावर. दोर तटकन तुटला. मासा गेला.

"अरे गाढवा! इथे कठडा आहे का? पडून पडून पडणार कुठे, गुडघाभर पाण्यात?"

"सवय रे..."

"सवय कसली! मुद्दाम ओढलंस तू."

मामा नाही म्हणणार होता. पण ते तोंडातून निघेचना. निघालं ते भलतंच. "हो, मुद्दाम! जा, पकड त्या शिंप्याबरोबर! मी कोण लागतो तुझा?"

"शिंप्यावर जळतोस तू?"

"जळतो! तुझ्या दुधावर पण जळतो!"

पैलवान त्याच्याकडे बघतच राहिला आणि मग खो खो हसत सुटला. मामाने तोंड फिरवलं. एवढी चिडचिड आणि वर हा हसतोय. मामाला वाटलं, संपलं, आता चालत चालत लाँच गाठावी.

"ऐक तरी," पैलवान डोळे पुसत म्हणाला. "शिंपी पण आला होता एकदा पट्टा धरायला. म्हटलं, बाबा, हात काढ, माप घेतोयस असं वाटतं."

मामाला हसायचं नव्हतं. तरी आलंच.

"आणि तेव्हापासून मी कधी उठून वाकत नाही इथे. बसूनच पकडतो, विचार त्याला. आज वाकलो. का, ते तूच ठरव."

मामाने खाली बसून तुटलेल्या दोराला नवा गळ बांधला आणि पैलवानापुढे धरला. त्यानंतर एकही मासा लागला नाही. पण लाँचची वेळ होईपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते.

धक्क्यावर मामाने विचारलं, "रविवारी जाणार शिंप्याबरोबर?"

"जाणार की."

"मर मग."

"पोचलास की फोन कर."

लाँच निघाली. पैलवानाने स्कूटरला किक मारली आणि दूध आणायला गेला.

मामा मला म्हणाला, "अजून जळतोय गं मी. पण जळत का होईना, गेलो ते बरं झालं." त्याचं जहाज त्या बंदराला परत कधी लागेल, कोणालाच माहीत नाही. तुमचं तसं नाही ना? मग ज्याच्या नव्या दोस्ताचं नुसतं नाव ऐकलं तरी तुमच्या पोटात दुखतं, त्याच्याकडे जा. मेसेज नको, फोन नको. जाऊन भेटा, याच आठवड्यात. भांडायला का होईना!