कपडे वाळत घालायचं लोखंड

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमागे, रेल्वेत फिटर असलेल्या माझ्या नवऱ्याने भंगारातून एक उंच आकार उभा केला होता. त्यात नांगराचे फाळ होते, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव होती आणि शिरूरच्या भंगारवाल्याकडून आणलेला ब्रेकचा एक जुना ठोकळा होता. त्या ठोकळ्यावर रेल्वेचा शिक्का होता. पावती मात्र आमच्याकडे नव्हती.

आणीबाणी चालू होती. एका सकाळी रेल्वे पोलीस अंगणात आला. माल चोरीचा ठरला तर यांची नोकरी जाणार होती, आणि तिच्याबरोबर घरही.

“फिटर, हे काय हाय?”

“काही नाही. नुसतं बघायला केलंय.”

“बघायला? मग तिकीट लावा की!” तो हसत ठोकळ्याकडे वाकला.

बादलीतली ओली साडी मी घाईने त्या आकारावर टाकली. “कपडे वाळत घालायला केलंय, दादा. हे थट्टा करतात.”

“व्हय, मग तसं सांगायचं की,” म्हणत तो गेला.

तो परत येईल या धास्तीने मी रोज तिथेच कपडे वाळत घालू लागले. शर्टांवर गंजाचे डाग पडले, हे तेच घालून ड्यूटीवर जात राहिले. लोखंडाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

तीन वर्षांनी ते गेले. क्वार्टर सोडताना हमालाने विचारलं, “बाई, हे काय हाय?”

मी आधी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, “नुसतं बघायला केलंय.”