लंडन दहा तासांवर

मी नागपूर सोडलं त्या दिवशी अमावस्या होती. शेजारणीने फलाटावरच ते बोलून दाखवलं, तर बाबा म्हणाले, "माह्या पोरीले मुहूर्त लागत नाही, गाडी लागते." छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला, गिरणीत राबणारा माणूस, तो काय अमावस्येला भिणार! गाडी हलली तशी खिडकीची सळई धरून मायने एवढंच विचारलं, "बलावलं त येशील ना वं?"

"येईन. लंडन विमानानं दहा तास," मी सांगून टाकलं. नर्सची नोकरी हातात होती, जीभ जरा जास्तच चालत होती. साडेचार हजार मैल मी एका वाक्यात उरकले. मुंबई गाठायची रात्र आणि वर अर्धा दिवस, हे त्यात धरलंच नाही.

बाबांनी ते दहा तास अख्ख्या वस्तीत वाटले. "आमच्या लहानपणी कुही गावाले बैलबंडीनं जायले दिवस मोडे. पोरगी त्याच्याहून जवळ हाय."

माझ्यामागून इकडे आलेल्या पोरींनो, तुमच्या हातात फोन आहेत. आमच्या होस्टेलवर तार यायची आणि ती फोडायच्या आधीच आम्ही बॅग काढायचो. तिसऱ्या वर्षी माझी आली. बाबा धंतोलीच्या दवाखान्यात, पित्ताशयात खडे, ऑपरेशन तातडीचं. मेट्रनने लगेच रजा दिली, तिकीटही मिळालं, तरी मुंबईला उतरून नागपूरची गाडी धरेस्तोवर तिसरा दिवस लागला. सारी वाट मला एकच धास्ती. हा हट्टी माणूस माझ्यासाठी थांबून राहणार आणि जीव घालवून बसणार.

मागाहून कळलं, बाबा खरंच अडून बसले होते. डॉक्टर बजावत होते, उशीर केला तर जिवावर बेतेल. बाबांचं एकच पालुपद, "पोरगी नर्स हाय माही. येऊ द्या, मंग चिरा. दहा तासाची त गोष्ट हाय." दहा तास कधीच सरले होते. ताप चढत होता.

मी पोचले तेव्हा माय दवाखान्याच्या पायरीवर एकटीच बसलेली. मी बॅग तिथंच टाकून धावले.

"काल झालं ऑपरेशन. बरे हायेत," ती म्हणाली.

"पण तयार कसे झाले?"

माय सांगू लागली, "मी सांगतलं, पोरगी आली, बाहीर डॉक्टरसंग बोलून राहिली. मंग मुकाट्यानं चढले टेबलावर." आणि तिने हात जोडले. "चवथं शील मोडलं वं मी. खोटं बोलली."

रोज सकाळी हात जोडून पंचशील म्हणणारी माझी माय. मी तिला तिथंच पायरीवर कवटाळलं. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

आत बाबा शेजारच्या खाटेवाल्याला सांगत होते, "पाहा, दहा तासात आली का नाही?" मग माझ्याकडे वळून, "काहून वं, बरोबर ना?"

"बरोबर, बाबा," मी म्हणाले. चौथं शील मीही मोडलं.

संध्याकाळी मायलेकी विहारात गेलो आणि दोघींनी पंचशील पुन्हा घेतलं.

इकडे लोक अजून विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? मला त्याचा विचार करावा लागत नाही. मी वाटेतच असताना जिथं नुसत्या माझ्या नावावर माझा बाप वाचला, ते माझं घर.