रायफल झाली की जा!

ज्या जागी काम जास्त असतं तिथं किस्से होत नाहीत. किस्से होतात ते वाट बघायच्या जागी. रास अल खैमाच्या त्या वर्कशॉपमध्ये माझी जी काही वर्षं गेली, त्यातली निम्मी कशाची ना कशाची वाट बघण्यात गेली. त्यामुळे किस्से इतके साठलेत की मित्रमंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "सांग रे तुझं ते बंदुकीचं!" खरं सांगू का, सांगून सांगून आता मलाच कंटाळा आलाय. पण लोक हसतात, मग सांगतो.

दुकान शिकारीच्या सामानाचं. पुढे शोरूम. तिथे तंबू, दुर्बिणी, ससाण्याच्या डोक्यावर घालायच्या चामड्याच्या टोप्या, आणि परवानावाल्यांसाठी बंदुका. मागे पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं. लेथवर मी, लाकडावर सावंत. सावंत कुडाळकडचे, पन्नाशी उलटलेले. आले होते फर्निचर करायला, पण बंदुकांचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग, करायला लागले आणि त्यातच मुरले. ऑफिसात केरळचे कुरियनसाहेब. खरेदी, फॅक्स, कस्टम्स, सगळं तेच बघायचे. आणि सगळ्यांच्या वर आमचा अर्बाब, म्हणजे मालक. आमचे पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी इन्शाल्ला असायचं, आणि आमची कामं नेमकी तिथेच अडायची.

*

सावंतांनी एक दिवस ठरवलं, आता बास. घरी जायचं, कायमचं. अर्धं आयुष्य दर दोन वर्षांनी दोन महिने घरी जाण्यात गेलं होतं. बायको गावी एकटी. मागच्या खेपेला निघताना ती म्हणाली होती, "आता येशात तेव्हा परत जाव नकात." एवढं एकच वाक्य! पण ते सावंतांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

ते अर्बाबाच्या केबिनमध्ये राजीनामा घेऊन गेले, तर तिथे आधीच एक म्हातारा बसलेला. नाव हमद. पुढे तो रोज चौकशीला यायला लागला आणि आम्ही त्याला बाबा हमद म्हणायला लागलो. तरुणपणी गलबतांवरून मुंबईच्या फेऱ्या केलेल्या, त्यामुळे त्याचं हिंदी आमच्यापेक्षा जास्त मुंबईचं! त्याने रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर एक काडतूस उभं केलं. त्याच्या वडिलांनी झांझिबारहून एक विलायती रायफल आणली होती. खाऱ्या हवेने ती रायफल खाल्ली, काडतूस तेवढं उरलं. म्हाताऱ्याला अगदी तसल्याच काडतुसाची नवी रायफल हवी होती. ती घेऊन एकदा आफ्रिकेत शिकारीला जायचं होतं, बापाने सांगितलेल्या मुलखात.

अर्बाबाने काडतूस बघितलं, सावंतांचा कागद बघितला आणि दोन्ही प्रश्न एकदम सोडवले.

"सावंत, ये आखरी काम. रायफल खलास, तुम खलास! रायफल हुआ, जाओ!"

"कितना टाइम, अर्बाब?"

"छे महिना. इन्शाल्ला."

सावंत खुशीत शेडमध्ये आले. मी काडतुसाच्या बुडावरचे आकडे वाचले. तीनशे अठरा. मी म्हटलं, "सावंतानू, हे काडतूस आता जगात कुणी बनवत नाही."

सावंतांनी माझ्या हातातून काडतूस काढून घेतलं. मग म्हणाले, "मेल्या, ह्यां माका कित्याक सांगतंस? अर्बाबाक सांग!"

*

मग कुरियनसाहेबांचे फॅक्स सुरू झाले. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका. रोज सकाळी ते मशीनपाशी उभे राहायचे, देवळात प्रसादाला उभं राहावं तसे. महिनाभर काही नाही. मग एके दिवशी कुरियनसाहेब धावतच शेडमध्ये आले. "पॉझिटिव्ह रिप्लाय! फ्रॉम इंग्लंड!"

सावंतांनी रंधा खाली ठेवला. मी वाचून दाखवलं. इंग्लंडातल्या दुकानदाराने लिहिलं होतं की आपण या काडतुसाची चौकशी केलीत, फार आनंद झाला. आमच्याकडेही एक गिऱ्हाईक कित्येक वर्षं थांबलेलं आहे. आपल्याला कुठे मिळालं तर कृपया आम्हाला कळवावं.

"इसमें पॉझिटिव्ह क्या है, साहेब?" मी विचारलं.

कुरियनसाहेब म्हणाले, "रिप्लाय तो दिया ना!"

*

दस्त्यासाठी अक्रोडाचं लाकूड तुर्कस्तानातून आलं. काय लाकूड होतं! मधोमध काळ्या रेषा अशा वळलेल्या, की सावंतांनी त्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ काढलाच नाही. पण असं लाकूड आल्या आल्या कापत नाहीत. त्याला जागेची सवय व्हावी लागते, नाहीतर पुढे पिळतं. आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पान्याला हात लावला तर चटका बसायचा. म्हणून सावंतांनी ते लाकूड कुरियनसाहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं, एसीच्या खाली.

ते तिथे महिनोन्‌महिने राहिलं. कुरियनसाहेब त्यावर चहाचे कप ठेवायचे, सावंत जाऊन फडक्याने पुसायचे. एकदा अर्बाबाचे एक जाडजूड पाहुणे बाक समजून त्यावर बसायला निघाले, तेव्हा सावंत "नो हबीबी, नो!" करत काचेचं दार ढकलून आत घुसले. पाहुण्यांनी घाबरून हात वर केले!

सावंत परत आले, बनियन पिळलं, पंख्याखाली उभे राहिले. पंख्यातूनही गरमच हवा यायची.

"लाकडाक एसी," ते म्हणाले, "आणि सावंताक पत्रो!"

*

नळी तयार झाली होती. तयार काडतूस मिळत नाही म्हटल्यावर ठरलं, गोळ्या, दारू असं सुटं सामान आणायचं आणि काडतुसं इथेच भरायची. आता या काडतुसाची एक गंमत आहे. नाव तीनशे अठरा, पण त्यात बसते ती गोळी त्याहून चांगली जाड असते. असं नाव का ठेवलं ते ठेवणाऱ्यालाच माहीत. मी कुरियनसाहेबांना हे दोनदा सांगितलं. ते दोन्ही वेळा "या, या" म्हणाले.

जर्मनीहून पार्सल आलं. अर्बाब आला, बाबा हमद आला, खजूर आला, कावा म्हणजे अरबी कॉफी आली. मी एक गोळी काढून नळीच्या मागच्या बाजूने आत ठेवली, नळी जरा वाकडी धरली आणि बोटाने टिचकी मारली. गोळी हळूहळू घसरत गेली, पुढच्या तोंडातून बाहेर आली आणि टक्‌ करून फरशीवर पडली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"नेम इज थ्री वन एट," कुरियनसाहेब ओरडले, "आय ऑर्डर्ड थ्री वन एट! आय ॲम नॉट मॅड!"

सावंतांनी वाकून गोळी उचलली आणि मला म्हणाले, "अर्बाबाक सांग, बंदूक चालता. दारू पण लागणा नाय!"

त्या दिवशी कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता.

*

दर शुक्रवारी सावंत फोनचं कार्ड घेऊन बूथवर जायचे. मी बाहेर उभा राहायचो. आधी आधी ते सांगायचे, "दिवाळीक येतंय." मग "शिमग्याक." मग "गणपतीक नक्की." पुढे पुढे त्यांनी सणाचं नाव घेणं सोडलं. मधल्या रजेलाही ते गेले नाहीत; गेलो तर कायमचाच, म्हणायचे. आत जायचे, "जेवलंस? गुडघो कसो आसा?" एवढं विचारायचे आणि कार्डवर पैसे शिल्लक असताना बाहेर यायचे.

एकदा मी विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ती रायफल घेवनच येवा. बघूया तरी, कोण ती सवत!"

हसलो आम्ही दोघं. पण मला त्या हसण्याचा त्रास झाला, तो आजही होतो.

*

माझी मुलगी तिकडच्याच शाळेत. एकदा पेरेंट्स मीटिंगला गेलो, तर टीचर माझ्याकडे बघून सारखी हसू दाबतेय. शेवटी तिनेच सांगितलं. वर्गात प्रत्येकाला विचारलं होतं, बाबा काय काम करतात? आमची उभी राहिली आणि म्हणाली, "माय डॅड इज मेकिंग वन रायफल."

टीचर म्हणाली, "व्हेरी गुड! सिन्स व्हेन?"

"सिन्स केजी टू, मॅम."

ती तेव्हा तिसरीत होती.

*

शेवटी मिळाली! दक्षिण आफ्रिकेतल्या एका दुकानात अगदी याच काडतुसांचा एक जुना डबा निघाला. परवाने, शिक्के, कस्टम्स हे सगळं होऊन तो आमच्या टेबलावर आला, तेव्हा कुरियनसाहेबांनी चक्क मिठाई वाटली. रायफलही तोवर पूर्ण झालेली. सावंतांचा दस्ता असा झाला होता की शोरूममधली गिऱ्हाइकं मागे येऊन बघून जायची.

आता नियम असा, की नवी रायफल उडवून बघितल्याशिवाय द्यायची नाही. आणि बाबा हमद डबा छातीशी धरून बसलेला.

"टेस्ट का वास्ते नहीं देगा," तो म्हणाला. "ये गोली हिरन का वास्ते है. रेती का वास्ते नहीं!"

अर्बाब म्हणाला, "टेस्ट नहीं तो डिलिव्हरी नहीं."

सावंत म्हणाले, "डिलिव्हरी नाय, तर माजां जाणां पण नाय!"

दोन तास घासाघीस झाली. शेवटी म्हाताऱ्याने डब्यातलं एक, फक्त एक, काडतूस काढून दिलं. रेंजवर रायफल स्टँडला घट्ट बांधली. सावंत डोळे मिटून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालत होते. मी घोडा ओढला. गोळी लागायला हवी तिथे लागली, नळी शाबूत, दस्ता शाबूत. मी म्हटलं, "सावंतानू, उघडा डोळे." तर डोळे उघडेनात, पाणी आलेलं.

बाबा हमदने काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलली, फुंकर मारून थंड केली आणि खिशात टाकली.

त्याच संध्याकाळी अर्बाबाने ड्रॉवर उघडला. सावंतांचा व्हिसा कॅन्सल झाला, पासपोर्ट हातात आला, तिकीट निघालं.

*

आणि हा शेवटचा. हा मी सगळीकडे सांगत नाही.

सावंतांच्या निघायच्या आदल्या दिवशी बाबा हमद रायफल न्यायला आला. नातवाचा हात धरून गाडीतून उतरला. सावंतांनी रायफल तेलाच्या फडक्याने पुसून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती उचलून खांद्याला लावली, आणि दस्ता काखेतच अडकला. त्याने मान पुढे काढली, हात ताणला. बोट घोड्यापर्यंत पोचेना.

दस्ता माणसाच्या मापाने करतात, शिंप्याने बाही शिवावी तसा. सावंतांनी माप घेतलं होतं ते ऑर्डर दिली तेव्हाच्या बाबा हमदचं. तो खांदा आता राहिला नव्हता. म्हातारा आटला होता, वाकला होता. रोज बघत असल्याने आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग अर्बाबच म्हणाला, "मुश्किल नहीं. नया लकडी मंगाओ. नया दस्ता. छे महिना, इन्शाल्ला."

मी सावंतांकडे बघितलं नाही. मला बघवलं नसतं.

सावंतांनी म्हाताऱ्याच्या हातातून रायफल काढून घेतली. दस्ता सोडवला, मागची रबराची गादी काढली, फडकं गुंडाळून तो वाइसच्या पकडीत आवळला आणि करवत उचलली. अर्बाब "सावंत, सावंत!" करत पुढे आला, तोवर त्या काळ्या रेषांच्या अक्रोडात करवत शिरलीसुद्धा होती. दोन बोटं रुंदीचा तुकडा खाली पडला. सावंतांनी कड घासली, गादी पुन्हा बसवली, रायफल जोडली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली.

यावेळी दस्ता खांद्यावर अलगद बसला. बाबा हमदने गाल लावला, एक डोळा मिटला. आफ्रिका तिथेच समोर असल्यासारखा बराच वेळ तसाच उभा राहिला. मग रायफल खाली घेऊन त्याने विचारलं, "तू वापस कब आएगा?"

"नाही येणार, बाबा. कायमचा जाता मैं."

म्हातारा विचारात पडला. "फिर मैं किसके पास आऊँगा? अगले साल मैं और छोटा होगा."

त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो खरंच विचारत होता.

सावंतांनी रायफल परत घेतली आणि उलटी धरली. पेन्सिल कानावरच होती, पण ती पुसली जाईल म्हणून त्यांनी सुरी घेतली. दस्त्याच्या खालच्या अंगाला, सहज कुणाला दिसणार नाही तिथे, एक बारीक रेघ ओढली. "अगला साल इधर काटनेका. ये लडका काटेगा," माझ्याकडे बोट. मग त्याच्या थोडी पुढे दुसरी. "उसके अगला साल, इधर."

बाबा हमदने चष्मा वर सरकवला. रायफल डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही रेघांवरून अंगठा फिरवला.

"बस?" तो म्हणाला. "दो ही?"

सावंतांनी सुरी पुन्हा उचलली आणि तिसरी रेघ ओढली.