संशयित स्रोत: भाडेकरू

मंगळवार, सकाळी अकरा. चाकणजवळचं आमचं आरोग्य केंद्र. हजर: डॉक्टर मॅडम, लॅब टेक्निशियन जाधव, पेशंट पारूबाई, त्यांचा मुलगा संतोष आणि मी, टीबी सुपरवायझर.

पारूबाईंचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. म्हणून त्यांच्या थुंकीतला जंतू सिक्वेन्सिंगला पाठवला होता. सिक्वेन्सिंग म्हणजे जंतूचा अख्खा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचणं. जंतूच्या नकला होताना त्यात बारीक चुका होतात. दोन पेशंटांच्या जंतूंत त्याच चुका निघाल्या, तर लागण एकाच साखळीतली.

"रफिककडनंच आलाय ना?" संतोषने विचारलं. रफिक त्यांचा भाडेकरू, गॅरेजात मेकॅनिक. त्यालाही टीबी होता. आईचं निदान होताच संतोषने त्याला खोली सोडायला लावली होती.

"नाही. रफिकचा जंतू साफ वेगळा आहे," जाधव म्हणाले. "हा दुसऱ्याच एका पेशंटशी जुळतोय." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. नाव एका कंपनीतल्या वेल्डरचं होतं.

"दुसरा कोण?" पारूबाई म्हणाल्या. "मी कुटं जात न्हाई बाई. मंगळवारी तेवढी हितं साखरेच्या गोळ्यांना येते."

मी टोकनची वही उघडली. बाकीच्या दिवसांची गर्दी कमी व्हावी म्हणून डायबेटीस आणि खोकला, दोन्ही मंगळवारी मीच ठेवले होते. बाक एकच. खिडकीसमोर फायलींचं कपाट, म्हणून वारा बंद. हिवाळ्यातले सलग सात मंगळवार वेल्डर आणि पारूबाई पुढेमागे. टोकन चौदा, टोकन पंधरा. डायबेटीसवाल्यांना टीबी लवकर धरतो, हे दर ट्रेनिंगला मीच सांगते.

"भाडेकरूचं नाव कोणी घेतलं?" मॅडमनी विचारलं.

"मी. रिपोर्ट यायच्या आधी." रजिस्टरमध्ये 'संशयित स्रोत: भाडेकरू' असं माझ्याच अक्षरात होतं.

पारूबाई मुलाकडे वळल्या. "आरं, औषध तरी नेलं का त्यानं?"

"डबा फळीवर हाय," संतोष खाली बघत म्हणाला.

त्याच दुपारी कपाट हलवलं. खोकल्याचे पेशंट आता गुरुवारी, बाहेर शेडमध्ये बसतात. पारूबाईंना नवी औषधं लागू पडली. बाकावरच्या सगळ्यांची तपासणी झाली. 'संशयित स्रोत' हा रकाना मी आता पेन्सिलने भरते.

रफिकचा कोर्स अर्धाच झालाय. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, निबर होतो. त्याचा फोन बंद आहे. गॅरेजवाला म्हणतो, राजगुरुनगरकडे गेला असेल. दोन फेऱ्या मारून आले. डबा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्या उपचाराच्या कार्डावर नवीन पत्त्याची ओळ कोरी.