काजळीची वाटी

"हिला रंग लावायची गरज नाही," काकू म्हणाल्या आणि काजळीची वाटी पुढच्या मुलीकडे सरकवली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. चौथीत होते. सगळे हसले की आपणही हसायचं, एवढंच तेव्हा कळत होतं.

नाशिकला सातपूरच्या कारखान्यांमागे आमची चाळ होती. तिथे मूळचं कुणीच नव्हतं. कुणी केरळचं, कुणी बिहारचं, कुणी सटाण्याकडचं. आम्ही हरसूलच्या डोंगरातून आलेलो, कोकणा आदिवासी. बाबा फाउंड्रीत हेल्पर होते. सगळेच पोट घेऊन आलेले, पण चाळीत उतरंड होती आणि तळाचं मडकं आम्ही होतो. शेजारची सटाण्याची मावशी 'आहे'ला 'शे' म्हणाली की वरच्या खोल्यांतल्या बाया तिची नक्कल करायच्या. मग मावशी आमच्या दाराकडे बघून नाक मुरडायची. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी लागतं.

काकू म्हणजे फाउंड्रीतल्या सुपरवायझरची बायको. निफाडला त्यांच्या सासरचा द्राक्षमळा होता. आमच्याकडची माणसं तिथे मजुरीला जायची. त्या वर्षी गणपतीत त्यांनी कार्यक्रम ठरवला. ज्याने त्याने आपापल्या मुलखाचा नाच करायचा. मला म्हणाल्या, "तू आदिवासी नाच कर."

मी उड्या मारत घरी आले. आईला सांगितलं.

आईचा चेहरा मला अजून दिसतो. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"त्यांला आपला नाच बघायचाय?" तिने दोनदा विचारलं. मग बाबांना म्हणाली, "आवं, त्यांला आपला नाच बघायचाय."

तिला खरंच तसं वाटलं. आमच्या माणसांची हीच चूक. कुणी बोलावलं की ते मनापासूनच बोलावलं, असं आम्ही समजतो.

रोज संध्याकाळी आई दार लावून घ्यायची. आमच्याकडे धान्याच्या देवीला कणसरी म्हणतात. नागलीची कणसं खळ्यावर आली की तिचं गाणं म्हणत, कमरेला हात घालून गोल धरतात. आई ते गाणं शेजारी जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात म्हणायची. माझी कमर धरायची. "पाय उचलायचा नाय. घासायचा. भुईला सांगायचं आमी हाय म्हणून." त्या दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही दोघी गोल फिरायचो. आईला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने ट्रंकेतून गुडघ्यापर्यंतचं लुगडं काढलं. डोक्यावर फडकी घेतली, आमच्या बाया घेतात ते रंगीत वस्त्र. नाशिकला आल्यापासून ती पायघोळ गोल साडीच नेसायची. आज ती तिच्या गावची होऊन पुढच्या सतरंजीवर बसली.

पडद्यामागे माझ्या कमरेला आंब्याची पानं बांधली. हातात पुठ्ठ्याचा भाला. माझ्याबरोबर नाचायला दिलेल्या चाळीतल्या मुलींची तोंडं काजळीने काळी केलेली. कॅसेटवर नुसता ढोल. गाणं नव्हतंच.

मी आईने शिकवलेला पाय घासला. एकदा. दोनदा.

"अगं, उड्या मार!" पडद्याआडून काकू ओरडल्या. "जंगली वाटलं पाहिजे! हुर्र कर, हुर्र!"

मी उड्या मारल्या. हुर्र केलं. मांडव खदखदला. सटाण्याची मावशी सगळ्यांत मोठ्याने हसली. "हाई जंगलनी पोर शे!" त्या दिवशी तिच्या मुलीला नऊवारीच्या लावणीत घेतलं होतं. मावशी उतरंडीत वर चढली होती.

मी आईकडे बघितलं. आईने डोक्यावरची फडकी काढली. घडी केली. मांडीखाली ठेवली आणि तिच्यावर बसून राहिली.

फडकी पुन्हा दिसली नाही. गाणंही गेलं. गावाहून मामी आली तर आई तिला म्हणायची, "हळू बोल. लोकं ऐकत्यात." कुणी गाव विचारलं की सांगायची, "आम्ही नाशिकचेच." चाळीतल्या बाया म्हणायच्या, किती सुधारली! आई सुधारली नव्हती. तिने आपलं तोंड बंद केलं होतं.

ते गाणं मात्र मला सोडत नाही. भाजी चिरताना येतं, फळा पुसताना येतं. दबक्या आवाजात, बंद दाराआडून. पहिली ओळ येते आणि पुढे नुसता पाय घासल्याचा आवाज.

मी डी.एड. केलं. त्याच कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका शाळेत लागले, तात्पुरती. दुसऱ्याच वर्षी गॅदरिंगला आदिवासी नाच ठरला. माझ्या वर्गात सुरगाण्याकडची एक मुलगी नुकतीच आलेली. बाप नव्या इमारतीवर वॉचमन. रंगवणाऱ्या बाई वाटी घेऊन तिच्यापाशी थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "हिला काय रंग लावायचा!"

मुलगी हसली. मी जशी हसले होते तशीच.

मी वाटी हिसकावली आणि मोरीत ओतली. हात काळा झाला.

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "एवढं काय मनाला लावून घेता? बरं, मग तुमचा खरा नाच बसवा. तुम्हाला येतच असेल."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. धावत घरी गेले. आई मेथी निवडत होती.

"आई, ते कणसरीचं गाणं पुरं सांग. शाळेत दाखवायचंय. या वेळी खरं."

आईने मान वर केली नाही.

"आमी नाचायचो, बाय. दाखवायचो नाय." मेथीचं एक देठ खुडून म्हणाली, "येकदा दाखवला."

आणि पुढची जुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, नाच मिळणार नाही. पानांचा नाही आणि खराही नाही. त्या म्हणाल्या, नोकरी तात्पुरती आहे, विचार करा.

विचार केला आहे. आमचा नाच बघायला नसतो. ज्याला हवा त्याने खाली यावं, आमच्या कमरेला हात घालून पाय घासावा. खुर्चीवर बसून तो कुणालाही मिळणार नाही. नोकरी जायची असेल तर जाऊ दे. पण मी उभी असेन त्या शाळेत पानं बांधलेलं एकही पोर स्टेजवर चढणार नाही.