डॉक्टरांची स्वीडनवाली

आम्ही जुने ठाणेकर भेटलो की कोणीतरी हळूच म्हणतं, "काय रे, ती स्वीडनवाली आठवते का?" झालं! चहा गार होतो, बायका घरात वाट बघत बसतात आणि आम्ही हलत नाही. एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागचा लगेच हॉर्न वाजवायला लागतो. कोणाच्या आयुष्यात माणसांचे किस्से साठतात, आमच्या साठले ते एका मोटारीचे.

पन्नासचं दशक संपत आलेलं. ठाण्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. खोपटला डॉक्टर आपट्यांचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर त्यांचं घर. संध्याकाळी पेशंट आटोपले की दवाखान्यातल्या बाकावर आमचा अड्डा जमायचा. मी, म्हणजे शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. देवधर वकील, ज्यांना सूर्य उगवल्याचाही पुरावा लागायचा. आणि कोलशेतचे धर्मा पाटील. धर्माशेठचं तरुणपण मिठागरात गेलेलं, आता जमीनजुमला बाळगून होते. ते कानात काही सांगायला लागले की रस्त्यावरचे लोक थांबून ऐकायचे.

अंबरनाथकडे एका कारखान्यात स्वीडिश साहेब होता. त्याच्या मुलाचा टायफॉइड डॉक्टरांनी बरा केला, तेव्हापासून दोघांची दोस्ती. साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्याची मोटार डॉक्टरांनी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्यात तिला सगळे स्वीडनवालीच म्हणायचे. गोल पाठीची, दोनच दारांची आणि अंगाने दणकट.

ही गाडी डॉक्टरांनी मिरवायला घेतली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीचा, आमच्या सुमतीवहिनींचा धाकटा भाऊ वसंता भाड्याच्या मोटारीतून कल्याणला घरी निघाला होता. शीळच्या पुढे गवताने भरलेली बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरने तिला ओलांडायला मोटार बाहेर काढली आणि समोरून ट्रक! त्या दिवसापासून वहिनी मोटारीत बसल्या नाहीत. कल्याणला आईकडे जायचं तर आगगाडीने. तो शीळचा रस्ता तर त्यांनी पुन्हा डोळ्यांनीही बघितला नव्हता.

डॉक्टरांची इच्छा एकच होती. सुमतीला शेजारी बसवून एकदा कल्याणला सासूबाईंच्या दारात गाडी उभी करायची. म्हणून त्यांनी जगातली सगळ्यात सुरक्षित गाडी शोधली होती!

∗

गाडी आली त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला कंपनीचा इतिहास सांगितला. तो सांगायचा होता आम्हाला, पण आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा लावलेला.

"तिकडे निम्मं वर्ष बर्फ. रस्ते खडबडीत. बाहेरच्या गाड्या टिकत नव्हत्या. तेव्हा दोन दोस्त खेकड्याच्या जातीचं काहीतरी खात बसले होते. खाता खाता त्यांनी ठरवलं, आपण आपल्या देशासाठी गाडी बनवायची. वेगाचं नंतर बघू, आधी आतला माणूस वाचला पाहिजे!"

"म्हंजी चिंबोऱ्या खाताना ठरवली?" धर्माशेठनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"मंग गारी मजबूतच असनार! गोर लारू खाताना कोन ठरवतो, त्याचा काय खरा नसतो."

वरच्या खिडकीतून वहिनींचा शांत आवाज आला, "गाडी सुरक्षित असेल हो. पण समोरून येणारा?"

डॉक्टरांनी इतिहास तिथेच आटोपता घेतला.

∗

दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा. वहिनी हळदकुंकू घेऊन खाली आल्या, पण गाडीपासून चार हात लांबच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी संधी साधली.

"सुमती, ही समोरची काच बघ. फुटली तरी तुकडे उडत नाहीत. जागच्या जागी राहते. कोणाला ओरखडा उठायचा नाही!"

"पुरावा?" देवधर वकील म्हणाले.

नारळ धर्माशेठच्या हातात होता. तो फोडायचा होता चाकापुढच्या दगडावर. पण डॉक्टरांच्या शब्दाला कोणी पुरावा मागितलेला धर्माशेठना खपायचा नाही. त्यांनी नारळ उचलला आणि "ह्यो घ्या पुरावा!" म्हणून काचेवर हाणला!

नारळ फुटला. पाणी बॉनेटवरून ओघळलं. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळ्याचं जाळं उमटलं. आम्ही गार पडलो. डॉक्टर मात्र आनंदाने नाचायचे बाकी होते.

"बघा! बघा! एक तुकडा खाली पडला का? सुमती, एक तरी पडला का?"

वहिनींनी वाकून बघितलं. "नाही पडला," त्या म्हणाल्या, "पण आता यातून समोरचं दिसणार कसं?"

नवी काच बोटीने यायची होती. तोवर जगातली सगळ्यात सुरक्षित गाडी दवाखान्याच्या पडवीत उभी राहिली. त्या दिवसांत ती खरोखरच सुरक्षित होती म्हणा.

∗

काच आल्यावर पट्ट्यांची पाळी आली. साहेबाने मायदेशाहून दोन पट्टे मागवून पुढच्या दोन्ही सीटना बसवून घेतले होते. खांद्यावरून आडवे घ्यायचे आणि खटका दाबून बसवायचे. ठाण्यात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. एकदा डॉक्टर वकिलांना कोर्टात सोडायला गेले. वकील ऐटीत पट्टा बांधून बसले. कोर्टाशी पोचल्यावर खटका काही केल्या उघडेना!

डॉक्टरांनी ओढून बघितलं, वकिलांनी श्वास आत घेऊन बघितला. पट्टा आपला घट्ट. एवढ्यात भिवंडीकडचा त्यांचा अशील हातात टोपी घेऊन धावत आला. आपला वकील गाडीत असा करकचून बांधलेला बघून त्याने कपाळावर हात मारला.

"वकीलसाहेब! तुम्हालाच धरलं? मग आता माझं काय होणार?"

तारीख पडली. वकिलांना तसंच बांधलेलं परत दवाखान्याशी आणलं. आम्ही कात्री शोधत होतो. वहिनी जिना उतरून आल्या, उघड्या दारातून वाकल्या, खटका नीट न्याहाळला आणि उलट्या बाजूने अंगठ्याने दाबला. खट्! वकील सुटले.

"पट्टा चांगला आहे," वहिनी म्हणाल्या. "बांधणाऱ्याने घाई केली."

डॉक्टर वकिलांची माफी मागायची सोडून आमच्याकडे वळले. चेहरा असा फुललेला की विचारू नका. "मास्तर, बघितलंत? कमरेपर्यंत आत आली होती!"

∗

धर्माशेठच्या मुलाच्या लग्नात वरातीला हीच गाडी. डॉक्टर म्हणाले, पट्टे बांधल्याशिवाय गाडी हलणार नाही. मग काय, चालवायला स्वतः डॉक्टर, त्यांच्या शेजारी नवरदेव, मुंडावळ्यांवरून पट्टा! मागे नवरी आणि तिच्या मांडीवर दोन करवल्या. कोलशेतच्या वेशीवर म्हाताऱ्या बाया गाडीत डोकावल्या.

"अगो बाय! पोऱ्याला बांधून आनलाय! पलत होता का काय?"

धर्माशेठनी बँड थांबवून सांगितलं, "पोऱ्या नाय पलत. डाक्टरचा हात स्टेरिंगवर हाय, म्हनून बांधलाय!"

∗

आता त्या गाडीची खरी गंमत. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं! स्वीडनमध्ये तेव्हा आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचे, तरी चाक डावीकडेच. रस्त्याच्या कडेचा खड्डा नीट दिसावा म्हणून, असं साहेबाने सांगितलेलं. त्यामुळे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे, म्हणजे उजवीकडे, मी बसायचो.

एकदा मी पेपर वाचत बसलो होतो. स्टेशनच्या नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली आणि तरातरा माझ्याच खिडकीशी आला.

"काय हो, मोटार चालवताना पेपर वाचता?"

"मी कुठे चालवतोय?"

त्याने आत डोकं घातलं. माझ्यासमोर काहीच नव्हतं. "स्टेरिंग कुठाय?"

"ते डॉक्टरांकडे असतं."

हवालदाराने डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी मला म्हणाला, "तरी पण तुम्ही पेपर वाचू नका!"

हवालदाराचं खरं तर बरोबर होतं. डावीकडे बसलेल्या डॉक्टरांना पुढच्या बैलगाडीच्या पलीकडचं काही दिसायचं नाही. मी उजव्या खिडकीतून मान बाहेर काढायची आणि सांगायचं. डॉक्टर विचारायचे, "मोकळं आहे का?" मी म्हणायचो, "थांबा," नाहीतर "मोकळं आहे, चला!" त्याशिवाय डॉक्टर कोणालाही ओलांडत नसत. वसंताचं त्यांच्याही मनातून गेलं नव्हतं, ते फक्त बोलत नसत.

एकदा ते एकटेच मुंब्र्याला पेशंट बघायला निघाले. कळव्याच्या पुढे एक बैलगाडी लागली. विचारायला कोणी नाही, म्हणून डॉक्टर तिच्या मागेमागे. पुढे झाडाखाली गाडीवान भाकरी खायला थांबला. डॉक्टरही थांबले. गाडीवानाने जरा वेळ बघितलं आणि अर्धी भाकरी घेऊन मोटारीशी आला.

"घ्या, डाक्टर. तुमचीबी बैलं दमली का?"

∗

आता शेवटचा.

त्या दुपारी धर्माशेठ कोलशेतहून सायकल हाणत आले. अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला. त्यांच्या सुनेचे, त्याच वरातीतल्या नवरीचे, दिवस भरले होते. सुईण म्हणत होती मूल आडवं आहे, डॉक्टरांना आणा.  आयुष्यात पहिल्यांदा धर्माशेठ हळू बोलले आणि आम्ही सगळे घाबरलो.

डॉक्टरांनी बॅग उचलली. मी नेहमीसारखा उजवीकडे जाऊन बसलो. एक अडचण होती. सकाळीच देवधर वकील माझ्या चष्म्यावर बसले होते.

वहिनी स्वयंपाकघरातून तशाच खाली आलेल्या. "मास्तर, चष्मा कुठाय?"

"आहे तो. म्हणजे, होता."

"माझ्या हातात काय आहे सांगा."

मी डोळे बारीक केले. "लाटणं."

"पळी आहे ही! उतरा खाली!"

मी उतरलो. डॉक्टर म्हणाले, "अगं, मी हळूहळू जातो, कोणाला ओलांडणार नाही."

"बैलगाडीच्या मागून? तिथे ती पोर अडलीय!"

वहिनींनी पळी माझ्याकडे दिली. मला आणि धर्माशेठना मागे बसायला सांगितलं. मग स्वतः उजवीकडच्या सीटवर बसल्या, पट्टा ओढला आणि खट् करून लावला. डॉक्टरांनी गाडी सुरू केली ती दोनदा बंद पडली. 

माजिवड्याच्या पुढे बैलगाडी आडवी आली. गवताने भरलेली, दोन्ही बाजूंनी गवत बाहेर आलेलं.  डॉक्टर तिच्या मागेमागे चालवत राहिले. धर्माशेठ एकदा "डाक्टर..." म्हणाले आणि मी त्यांचा हात दाबला.

मग वहिनीच म्हणाल्या, "अहो, विचारा ना."

"काय?"

"मास्तरांना विचारता ते."

डॉक्टरांनी विचारलं, "मोकळं आहे का?"

वहिनींनी पट्टा सैल केला आणि मान बाहेर काढली. पदर वाऱ्याने उडत होता. त्यांनी गवताच्या पलीकडे बघितलं. "थांबा."

समोरून ट्रक आला. धडधडत निघून गेला. वहिनींनी मान आत घेतली नाही.

"थांबा... थांबा..." आणि मग, "आता मोकळं आहे. चला!"

स्वीडनवाली गवताच्या बाजूने सरसर पुढे गेली. मला रडू आलं. चष्मा नव्हता ते बरं झालं, पुसत बसावा लागला असता. पुढे आणखी गाड्या लागल्या, पण आता डॉक्टरांनी विचारायच्या आत वहिनी सांगत होत्या. धर्माशेठना पहिला आवाज फुटला तो तेव्हाच. "डाक्टर, मंगाशीच वहिनींना बसवायचा ना! मास्तर काय कामाचा नाय!"

वेळेवर पोचलो. मुलगी झाली, आई आणि मूल दोन्ही सुखरूप. धर्माशेठ इतक्या मोठ्याने ओरडले की खाडीपलीकडे कळलं असेल.

उन्हं उतरल्यावर आम्ही परत निघालो. सगळा रस्ता रिकामा होता, ओलांडायला काही नव्हतं.  खोपटला दवाखान्यापुढे डॉक्टरांनी गाडी थांबवली. दोनच दारं असल्यामुळे ते आधी उतरले, सीट पुढे वाकवली आणि मला मागून बाहेर काढलं. मी पळी हातात घेऊन उभा राहिलो. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

डॉक्टरांनी आत वाकून विचारलं, "काय गं, पट्टा अडकला का?"

"नाही."

"मग?"

वहिनींनी उजव्या खिडकीतून मान बाहेर काढली. कळव्यावरून शीळला जाणाऱ्या रस्त्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान आत घेऊन म्हणाल्या,

"कल्याणपर्यंत मोकळं आहे. चला!"